आहे ते टिकवायचे कसे? स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी दीर्घकालीन मालमत्ता नियोजन

तुमच्या संस्थेकडे एकूण किती किलोमीटर जलवाहिन्या आहेत? त्यातल्या किती पन्नास वर्षांहून जुन्या आहेत? आणि दरवर्षी सरासरी किती बदलल्या जातात? बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाणीपुरवठा विभागाकडे अंदाजाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर एखाद्या निवृत्तीला आलेल्या फिटरच्या डोक्यात असते. तिसऱ्याचे उत्तर लेखा विभागाच्या बिलांत विखुरलेले असते आणि ते कोणी कधी एकत्र केलेले नसते.

मालमत्ता नियोजनाचा सारा खटाटोप ही उत्तरे एका जागी आणण्यासाठी आहे. इथे मालमत्ता म्हणजे नागरिकांची घरे किंवा त्यांवरचा कर नव्हे. संस्थेच्या स्वतःच्या ताब्यातले रस्ते, पूल, जलवाहिन्या, मलवाहिन्या, पावसाळी गटारे, पंपगृहे, टाक्या, दिवे, इमारती, उद्याने, वाहने हे सगळे त्यात येते. आज आहे ते नीट चालू ठेवायला दरवर्षी किती काम करावे लागेल, त्याला किती पैसा लागेल आणि त्यातला किती हाताशी आहे, हे खऱ्या आकड्यांत सभागृहापुढे ठेवणे हा या योजनेचा गाभा आहे. ते न मांडणारा दस्तऐवज दोनशे पानांचा असला तरी त्याला योजना म्हणता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

किती वर्षांचा विचार करायचा? न्यूझीलंडच्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार प्रत्येक कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेला, किमान ३० वर्षांचे पायाभूत सुविधा धोरण आणि किमान दहा वर्षांची दीर्घकालीन योजना करावी लागते, आणि ती योजना दर तीन वर्षांनी नव्याने मांडावी लागते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१७ मध्ये ५८८/१७ क्रमांकाचा नियम काढला आणि पाणी, मलनिस्सारण, पावसाळी पाणी, रस्ते, पूल या मूलभूत मालमत्तांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने सगळ्या मालमत्तांची योजना नगरपालिकांना बंधनकारक केली. आयएसओ ५५००० ही मालमत्ता व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय मानकमाला २०१४ मध्ये आली, तिची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये. तुमच्याकडे कायद्याची सक्ती असो वा नसो, दहा वर्षे बारकाईने आणि तीस वर्षे ढोबळमानाने, ही विभागणी कामाला येते. दहा वर्षांत अंदाजपत्रक बसते, तीस वर्षांत जलवाहिन्यांची लाट दिसते. त्या लाटेबद्दल पुढे.

पायरी १: ठराव, जबाबदार माणूस आणि एक टेबल

सुरुवात सॉफ्टवेअर खरेदीने करू नका. आधी सभागृहाचा छोटा ठराव घ्या: संस्था आपल्या मालमत्तांची नोंद ठेवील, त्यांची अवस्था ठराविक काळाने तपासेल आणि नवीन काम मंजूर करण्याआधी त्याचा आयुष्यभराचा खर्च पाहील. दोन पाने पुरेत. यालाच मालमत्ता धोरण म्हणायचे.

मग जबाबदारी. अभियंत्याकडे मालमत्तेची माहिती असते, लेखाधिकाऱ्याकडे पैशाची, आणि दोघांच्या नोंदवह्या एकमेकींशी जुळत नाहीत. लेखा विभागाच्या यादीत ‘रस्ते सुधारणा, टप्पा दोन’ अशी एकच ओळ असते, आणि अभियंत्याला त्यात कोणता रस्ता हे सांगता येत नाही. म्हणून अभियांत्रिकी, लेखा, नगररचना आणि प्रत्यक्ष देखभाल करणारे कर्मचारी महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसतील अशी छोटी समिती करा. तिचा एकच प्रमुख असावा आणि त्याच्या बदलीनंतर काम थांबणार नाही इतपत ते लिहून ठेवलेले असावे. ओंटारिओच्या नियमात योजनेला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची संमती आणि सभागृहाचा ठराव, दोन्ही लागतात. फक्त अभियंत्याची सही असलेली योजना पुढच्या अंदाजपत्रकात कोणी उघडत नाही, म्हणून ही अट फार शहाणपणाची वाटते.

पायरी २: मालमत्ता नोंदवही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त संस्था इथेच अडकतात. कारण एकच: नोंदवही पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचे नाही असा हट्ट. नोंदवही कधीच पूर्ण होत नसते. जमिनीखालच्या वाहिन्यांचे वय, साहित्य, खोली या गोष्टींत पोकळी राहणारच. ती पोकळी मान्य करून पुढे जायचे, पण ती लपवायची मात्र नाही.

सोपी युक्ती अशी. प्रत्येक नोंदीसमोर ‘माहितीची खात्री’ असा रकाना ठेवा. प्रत्यक्ष मोजलेले आणि कागदोपत्री पुरावा असलेले असेल तर ‘अ’. जुन्या नकाशावरून घेतलेले ‘ब’. अनुभवी कर्मचाऱ्याने सांगितलेले ‘क’. आसपासच्या वस्तीच्या वयावरून बांधलेला अंदाज ‘ड’. पुढे एखादा मोठा निर्णय ‘ड’ दर्जाच्या माहितीवर बसतोय असे दिसले, की आधी तेवढीच माहिती पक्की करायची. सगळे शहर खणून पाहायची गरज नाही.

नोंद किती बारीक करायची, हा दुसरा अवघड प्रश्न. ‘पंपगृह, एक नग’ अशी नोंद निरुपयोगी आहे, कारण त्यातल्या इमारतीचे आयुष्य पन्नास-साठ वर्षे असू शकते, पंपाचे पंधरा-वीस, आणि नियंत्रण पॅनेलमधल्या इलेक्ट्रॉनिक भागांचे जेमतेम दहा. उलट प्रत्येक नट-बोल्टची नोंद ठेवली तर ती सांभाळायला वेगळा विभाग लागेल. नियम असा धरा: ज्या भागाचे आयुष्य वेगळे आहे आणि जो स्वतंत्रपणे बदलला जातो, त्याला स्वतंत्र ओळ. पंपगृहात इमारत, पंप, मोटर, पॅनेल, मुख्य व्हॉल्व्ह आणि आतली पाइपिंग अशा ओळी होतील. रस्त्यात पाया आणि वरचा थर वेगळे, कडेचे गटार वेगळे, पदपथ वेगळा. हे एकदा नीट केले की पुढची सगळी गणिते सुटतात.

एका पंपाची ओळ कशी दिसावी हे जरा जवळून पाहू. कायमचा ओळख क्रमांक, जो पंप बदलला तरी दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही. ठिकाण, नकाशावरच्या अक्षांश-रेखांशासह. प्रकार, क्षमता, किती उंचीवर पाणी चढवतो. बसवल्याचे वर्ष. मूळ किंमत आणि आज तसाच नवा बसवायचा तर लागणारी किंमत, या दोन वेगळ्या रकान्यांत. अपेक्षित आयुष्य. शेवटची तपासणी, अवस्थेचा गुण, मोठ्या दुरुस्त्यांच्या तारखा. आणि एक रकाना जो सहसा विसरला जातो: हा पंप बंद पडला तर काय होते? पर्यायी पंप आहे का, किती तास पुरेल एवढे पाणी टाकीत असते, कोणत्या भागाचे पाणी थांबते. शेवटच्या रकान्याची माहिती पंपचालकाकडून दहा मिनिटांत मिळते, आणि पाचव्या पायरीवर तीच सर्वांत मोलाची ठरते.

बांधकाम व्यावसायिकांनी विकसित करून संस्थेकडे सोपवलेले रस्ते, गटारे, दिवे हमखास सुटतात. त्यांचे बिल संस्थेने दिलेले नसते, म्हणून ते लेखा विभागाच्या यादीत येत नाहीत. देखभाल मात्र आपल्याच गळ्यात पडते. हस्तांतरणाचा दाखला देतानाच नोंदणीचा तक्ता मागून घ्या.

साधन म्हणून छोट्या संस्थेला सुरुवातीला साधी स्प्रेडशीट आणि नकाशाला माहिती जोडणारी मोफत जीआयएस प्रणाली पुरते.

पायरी ३: अवस्था पाहणी

बहुतेक ठिकाणी एक ते पाच गुणांची पट्टी वापरतात: एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे निकामी होण्याच्या बेतात. गुण देणाऱ्या दोन माणसांनी एकाच गटाराला वेगळे गुण देऊ नयेत म्हणून प्रत्येक गुणासाठी छायाचित्रासह वर्णन लिहून ठेवा आणि सुरुवातीचे काही दिवस दोघांना एकत्र फिरवा. डांबरी रस्त्यांसाठी ० ते १०० गुणांचा पृष्ठभाग निर्देशांक प्रचलित आहे. मलवाहिन्यांत कॅमेरा सोडून आतल्या भेगा, सरकलेले सांधे, घुसलेली मुळे पाहता येतात. दाबाच्या जलवाहिनीत कॅमेरा सहसा जात नाही, तिथे फुटीच्या नोंदी हाच आरसा: दर किलोमीटरला वर्षाला किती वेळा फुटली, कोणत्या साहित्याची, कोणत्या मातीत.

डांबरी रस्ता कसा मरतो हे समजून घेतले की तपासणी वेळेवर करण्याचे महत्त्व पटते. नव्या थरावर सुरुवातीची वर्षे फारसे काही दिसत नाही. ऊन आणि हवेने डांबर कडक होत जाते, बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी खाली उतरते, पाया मऊ होतो, आणि मग चाकांच्या मार्गात जाळीदार भेगा उमटून रस्ता झपाट्याने खचतो. म्हणजे घसरण सरळ रेषेत होत नाही. बराच काळ हळूहळू आणि मग एकदम. भेगा बुजवणे किंवा पातळ थर टाकणे हे काम घसरणीच्या त्या वळणाच्या, म्हणजे रस्ता झपाट्याने खचू लागतो त्या टप्प्याच्या, अलीकडे केले तर स्वस्तात भागते. पाया गेल्यावर तेच काम केले तर पैसे वाया, कारण खालून रस्ता खचतच राहतो. म्हणून ‘सर्वांत वाईट रस्ता आधी’ हा लोकप्रिय नियम दीर्घकाळात सर्वांत महाग पडतो. पार मोडलेला रस्ता आणखी एक वर्ष तसाच राहिला तर त्याचा खर्च फार वाढत नाही. बरा दिसणारा पण वळणावर आलेला रस्ता एक वर्ष थांबला तर त्याचा खर्च काही पटींनी वाढू शकतो. हे नागरिकांना आणि सदस्यांना समजावून सांगणे कठीण आहे, पण सांगितलेच पाहिजे. मोडलेल्या रस्त्यावर सुरक्षेपुरते खड्डे बुजवत राहा. मोठी रक्कम मात्र वळणावरच्या रस्त्यांकडे वळवा.

पायरी ४: सेवेचा दर्जा ठरवणे

किती चांगले पुरेसे आहे? हे ठरवल्याशिवाय किती पैसा लागेल हे सांगताच येत नाही. दर्जा दोन भाषांत लिहायचा. नागरिकाच्या भाषेत: ‘पाणी ठरलेल्या वेळी, पुरेशा दाबाने आणि पिण्यायोग्य येते’, ‘मुसळधार पावसातही घरात पाणी शिरत नाही’. मग अभियंत्याच्या भाषेत: अमुक इतका किमान दाब, वर्षाला दर किलोमीटरला इतक्याच फुटी चालतील, गटाराची क्षमता किती वर्षांत एकदा पडणाऱ्या पावसासाठी.

प्रत्येक निकषासमोर आजची स्थिती आणि हवी असलेली स्थिती अशी दोन मापे ठेवा. पहिल्या योजनेत फक्त आजची स्थिती प्रामाणिकपणे मोजली तरी चालेल. ओंटारिओनेही तसेच केले: आधी सध्याच्या दर्जाची नोंद, आणि प्रस्तावित दर्जा व त्याचा खर्च यासाठी २०२५ पर्यंत मुदत.

पायरी ५: कशाला आधी हात घालायचा

सगळ्याच मालमत्तांकडे सारखे लक्ष देता येत नाही. धोक्याचा हिशेब साधा आहे: निकामी होण्याची शक्यता गुणिले निकामी झाल्यावरचा परिणाम. पहिला भाग अवस्थेच्या गुणावरून येतो, दुसरा त्या ‘बंद पडले तर काय’ रकान्यातून. गल्लीतली बारीक वाहिनी फुटली तर काही घरांचे पाणी थांबते, ती फुटेपर्यंत वापरून मग बदलणे हाच शहाणपणा. मुख्य वाहिनीच्या बाबतीत तसे करता येत नाही.

कॅनडातल्या कॅल्गरी शहरात ५ जून २०२४ रोजी बेअर्सपॉ दक्षिण ही मुख्य जलवाहिनी फुटली. शहराच्या शुद्ध पाण्यापैकी सुमारे ६० टक्के पाणी तिच्यातून जात असे. शहरावर कित्येक आठवडे पाणीवापराचे निर्बंध राहिले. ती वाहिनी १९७५ ची, म्हणजे ४९ वर्षांची. तिचे अपेक्षित आयुष्य १०० वर्षे धरलेले होते. पूर्वताणित काँक्रीटच्या या वाहिनीभोवती गुंडाळलेल्या पोलादी तारा तुटत गेल्या होत्या, आणि हे बाहेरून दिसत नाही. आयुष्य म्हणजे सरासरी, हमी नव्हे, हे यातून लक्षात घ्यायचे. ज्या मालमत्तेला पर्याय नाही तिच्याबाबत तक्त्यातल्या वयावर विसंबून राहू नका. तिच्यावर तपासणीचा खर्च करा, ध्वनिलहरींनी तारा तुटल्याचा आवाज पकडणाऱ्या यंत्रणेपर्यंत जा, आणि जमेल तिथे दुसरी वाहिनी जोडून ठेवा.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराचे. २८ जानेवारी २०२२ रोजी सकाळी तिथला फर्न हॉलो पूल कोसळला. पुलावर बस आणि मोटारी होत्या. काही जण जखमी झाले, जीवितहानी झाली नाही हे नशीब. पूल शहराच्या मालकीचा. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघालेले कारण प्रत्येक अभियंत्याने वाचावे असे आहे. पुलावरचे पाणी वाहून नेणारी तोंडे कचऱ्याने तुंबलेली होती. पाणी आणि गाळ पोलादी पायांवर साचत राहिला. हे पोलाद रंग न देता वापरायचे, स्वतःवर गंजाचा संरक्षक थर धरणारे. पण सतत ओलावा राहिला तर तो थर तयार होत नाही, गंज पोलाद खात जातो. तपासणीचे अहवाल वर्षानुवर्षे नाले साफ करा, पायांची दुरुस्ती करा असे लिहीत होते. अहवाल वेळच्या वेळी होत होते. त्यांवर कारवाई होत नव्हती.

म्हणून धोक्याच्या तक्त्याला एक रकाना जोडा: तपासणीत सुचवलेली कामे, कोणी करायची, कधीपर्यंत, झाले का. दोन तपासण्यांत तीच सूचना पुन्हा आली तर ती आपोआप प्रमुखाच्या टेबलावर जाईल अशी शिस्त लावा. नाल्याचे तोंड साफ करणे हे नियमित देखभालीतले, कमी पैशांचे काम आहे. नूतनीकरणाच्या मोठ्या आकड्यांमागे ते झाकले जाऊ नये.

पायरी ६: नूतनीकरणाचा तक्ता आणि लाट

आता गणित, आणि ते कोणालाही जमेल असे. समजा, संस्थेकडे १०० किलोमीटर डांबरी रस्ते आहेत आणि वरच्या थराचे सरासरी आयुष्य १५ वर्षे. आहे ती अवस्था टिकवायची तर दरवर्षी सुमारे ६.७ किलोमीटरचा थर बदलायला हवा. प्रत्यक्षात दोन किलोमीटर होत असेल, तर एका रस्त्याची पाळी पन्नास वर्षांनी येणार. तसेच ३०० किलोमीटर जलवाहिन्या आणि सरासरी ७५ वर्षे आयुष्य धरले तर वर्षाला चार किलोमीटर. एक किलोमीटर होत असेल तर आपण वाहिन्या ३०० वर्षे चालतील असे गृहीत धरून बसलो आहोत. कोणत्याही आलेखापेक्षा हा एक भागाकार सभागृहाला पटकन कळतो.

भागाकार सरासरी सांगतो, पण वाहिन्या सरासरीने टाकल्या गेलेल्या नसतात. शहराची वाढ झटक्याझटक्याने होते. एखाद्या दशकात मोठी योजना आली आणि निम्मे जाळे त्या दहा वर्षांत पडले, तर त्याचे आयुष्यही त्याच सुमारास संपणार. हीच ती लाट. प्रत्येक मालमत्तेचे बसवल्याचे वर्ष अधिक अपेक्षित आयुष्य काढा, वर्षवार बेरीज करा, तीस वर्षांचा स्तंभालेख काढा. कोणत्या वर्षी उंच मनोरा उभा राहतो ते लगेच दिसेल. त्या मनोऱ्यावर तीन उपाय आहेत. आधीच्या रिकाम्या वर्षांत काही काम ओढून घेणे. तपासणीत चांगल्या निघालेल्या वाहिन्यांना आणखी काही वर्षे देणे. आणि आजपासून राखीव निधी बाजूला टाकणे. तिन्ही उपायांना वेळ लागतो, म्हणूनच लाट दहा नव्हे तर तीस वर्षे आधी दिसायला हवी.

आयुष्याचे आकडे पुस्तकी घेऊन सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. खारट माती, आम्लयुक्त पाणी, जड वाहतूक, दाबातले सततचे चढउतार यांनी तीच वाहिनी किंवा तोच रस्ता दुसऱ्या ठिकाणच्यापेक्षा निम्म्या काळात संपू शकतो. प्रत्येक वेळी काहीतरी बदलताना ते किती वर्षे टिकले आणि कशामुळे गेले, ही दोन ओळींची नोंद करा. काही वर्षांनी तुमच्याकडे तुमच्याच मातीतले आकडे असतील.

याच पायरीवर वाढती मागणीही पाहायची: लोकसंख्या, नवे विकसित होणारे भाग, पावसाचे बदललेले स्वरूप. पण मागणी वाढली की लगेच नवे बांधकाम असे नाही. गळती शोधून थांबवली तर तेवढेच पाणी नव्या धरणाशिवाय मिळते. रात्री वापर किमान असतो, त्या वेळी एखाद्या भागात आत जाणारे पाणी मोजले की गळतीचा चांगला अंदाज येतो.

पायरी ७: पैशाचे खरे चित्र

लेखा विभागाचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी धरलेली रक्कम, मूळ किमतीवर काढलेला असेल तर तो फसवा आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीचा दरवर्षीचा हिस्सा आज त्या वाहिनीचा एक तुकडाही बदलायला पुरत नाही. म्हणून योजनेसाठी आजची बदली किंमत वापरा. सध्याच्या निविदांतले दर काढा, त्यात खोदाई, रस्ता पूर्ववत करणे, वाहतूक वळवणे, देखरेख हे सगळे धरा.

मग दहा वर्षांसाठी चार वेगळ्या ओळी लिहा: चालवण्याचा खर्च, देखभाल, नूतनीकरण, नवीन मालमत्ता. ओळी एकत्र करू नका. अंदाजपत्रकात ‘भांडवली खर्च’ असा एकच आकडा असतो, तो भरघोस दिसतो आणि सगळे समाधानी होतात. उलगडून पाहिले तर त्यातला बहुतेक हिस्सा नव्या कामांचा असतो आणि नूतनीकरणाला उरलेले थोडेच. ऑस्ट्रेलियात यासाठी एक गुणोत्तर वापरतात: नूतनीकरणावरचा खर्च भागिले वर्षाचा घसारा. ते बराच काळ एकच्या खाली राहिले तर मालमत्ता झिजते आहे तितकी भरून निघत नाही. एखाद्या वर्षी कमी असणे ठीक, कारण सगळे जाळे नवे असेल तर नूतनीकरण कमीच लागते. पण जुन्या शहरात हे गुणोत्तर सलग कमी असेल तर ती सरळ उधारी आहे, आणि ती पुढच्या पिढीच्या नावावर चढते.

लागणारी रक्कम आणि उपलब्ध रक्कम यांतला फरक म्हणजे तूट. ती लिहा. मोठ्या अक्षरांत लिहा. अनेक योजनांमध्ये हा आकडा परिशिष्टात लपवलेला असतो किंवा ‘शासनाकडून अनुदान अपेक्षित’ अशा ओळीने भरून काढलेला असतो. मंजूर न झालेले अनुदान हे उत्पन्न नव्हे.

पायरी ८: सभागृहापुढे निवड ठेवणे

तूट दाखवून गप्प बसायचे नाही. तीन मार्ग तयार करून न्या. पहिला, आहे तोच निधी: त्यात दहा वर्षांनी रस्त्यांचा सरासरी गुण किती घसरेल, फुटी किती वाढतील, कोणता पूल जड वाहनांसाठी बंद करावा लागेल. दुसरा, आजचा दर्जा टिकवणारा: त्यासाठी दर, कर किंवा कर्ज किती वाढवावे लागेल. तिसरा, दर्जा सुधारणारा. प्रत्येक मार्गाचे परिणाम नकाशावर रंगवून दाखवा, प्रभागवार.

चौथा मार्ग बोलायला अवघड, पण तोही मांडा: काही मालमत्ता कमी करणे. वापरात नसलेली इमारत विकणे किंवा पाडणे, दोन छोटी पंपगृहे मिळून एक करणे, तुरळक वाहतुकीच्या डांबरी रस्त्याचा दर्जा ठरवून खालचा ठेवणे. जे सांभाळता येत नाही ते सांभाळतो असे भासवण्यात सर्वांत जास्त नुकसान गरीब वस्त्यांचे होते. तक्रारीचा आवाज जिथून मोठा येतो तिकडे उरलासुरला पैसा जातो, आणि ज्यांचा आवाज पोहोचत नाही त्यांची वाहिनी फुटकीच राहते. म्हणून मला वाटते, लेखी निकषांवर चालणारी योजना ही तांत्रिक गोष्ट आहे त्यापेक्षा जास्त न्यायाची आहे.

कोणता मार्ग घ्यायचा हे सदस्यांनी ठरवायचे. अधिकाऱ्यांचे काम परिणाम स्पष्ट सांगण्याचे आणि झालेला निर्णय कारणासह ठरावात नोंदवण्याचे.

पायरी ९: नव्या कामाला चाळणी

अनुदानातून फुकट मिळालेली मालमत्ता फुकट नसते. तरणतलाव, समारंभांचे सभागृह, सुशोभित चौक, प्रत्येकाबरोबर वीज, कर्मचारी, दुरुस्ती आणि शेवटी बदलीचा खर्च येतो. पंपाचे उदाहरण घेतले तर त्याच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत हा लहान हिस्सा असतो, वीज मोठा. स्वस्त पण अकार्यक्षम पंप घेतला तर वाचलेले पैसे काही वर्षांतच विजेच्या बिलात परत जातात. म्हणून प्रत्येक प्रस्तावासोबत एक पान सक्तीचे करा: वार्षिक चालवण्याचा खर्च, देखभाल, अपेक्षित आयुष्य, बदली किंमत, आणि हा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार. शेवटचा रकाना रिकामा असेल तर प्रस्ताव सभेपुढे ठेवायचा नाही.

पायरी १०: योजना चालू ठेवणे

पहिली योजना ओबडधोबड असेल. तिच्या शेवटी सुधारणांची यादी जोडा: कोणती माहिती ‘ड’ वरून ‘ब’ वर आणायची, कोणत्या वाहिन्यांची कॅमेरा तपासणी करायची, कोण करणार, कोणत्या वर्षी. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दोन महिने आधी सभागृहाला चार पानी प्रगती अहवाल द्या: ठरवलेले नूतनीकरण किती झाले, गुणोत्तर किती, कोणता धोका वाढला. पूर्ण फेरआखणी तीन ते पाच वर्षांनी, शक्यतो नव्या सभागृहाच्या पहिल्या वर्षात, म्हणजे सदस्यांना ती आपली वाटते.

नोंदवही ताजी ठेवण्याचा मला माहीत असलेला सर्वांत खात्रीचा उपाय बिलाशी जोडलेला आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला, प्रत्यक्ष टाकलेल्या वाहिनीचा नकाशा आणि नोंदवहीतला नवा ओळख क्रमांक, तिन्ही जोडल्याशिवाय अंतिम देयक निघणार नाही, अशी अट निविदेतच घाला. तातडीच्या दुरुस्तीलाही हीच अट लावा, फक्त नकाशाऐवजी मोबाइलवर काढलेला खड्ड्यातल्या वाहिनीचा फोटो चालेल: साहित्य, व्यास, खोली आणि गंज दिसेल असा. खड्डा उघडा असतो तेवढ्या तासाभरात जमिनीखालची जी माहिती फुकटात मिळते, ती नंतर पैसे मोजूनही सहज मिळत नाही.